नवरोंगोची लेकरं

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला 'बालआरोग्य' हा विषय दिला. पस्तीस वर्षं नर्सबाईचं काम केलेल्या बाईला हा विषय दिला म्हणजे ती लसीकरणाचं वेळापत्रक वाचून दाखवणार, असं तुम्हाला वाटलं असेल. ते वेळापत्रक पाटीवर लावलेलं आहे, ते वाचा. मी आज तुम्हाला आफ्रिकेत घेऊन जाणार आहे. मी स्वतः तिथे गेलेली नाही. जे सांगणार आहे ते वाचलेलं आहे. पण ते वाचताना मला माझंच गाव दिसत होतं, माझीच चूक दिसत होती, म्हणून सांगते.

आधी किसा गौतमीची कथा आठवा. ती आपल्या लहान मुलींनाही पाठ आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती तथागतांकडे आली. ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असं त्यांनी सांगितलं. ती दारोदार फिरली. मोहरी सगळीकडे होती, पण मरण नसलेलं घर नव्हतं. प्रवचनात आपण यातून अनित्यता शिकतो, ते बरोबरच आहे. माझ्या नोकरीमुळे मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या बाईने घरोघरी जाऊन विचारलं की तुमच्याकडे कोण गेलं, कधी गेलं? आमच्या भाषेत त्याला सर्वेक्षण म्हणतात. आपलं दुःख एकटीचं नाही हे तिला मोजल्यावरच कळलं. मात्र मोजल्यानंतर दोन वाटा असतात. मरण अटळ आहे म्हणून शांत व्हायचं ही एक. यातली कोणती मरणं अटळ नव्हती ते शोधायचं ही दुसरी. म्हातारपणाचं मरण आणि जुलाबाने गेलेल्या आठ महिन्यांच्या पोराचं मरण यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरं गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न. राजरत्न 1926 साली गेला. यशवंतराव तेवढे राहिले. रमाईचा फोटो आपण हार घालून लावतो. त्या बाईने चार वेळा पदर डोळ्याला लावला, हे आपण पटकन विसरतो. पुढे दोनच वर्षांनी, 1928 मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवते, त्यांचा संबंध तुम्हीच लावा.

आता घाना. पश्चिम आफ्रिकेतला देश, 1957 मध्ये इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. त्याच्या अगदी उत्तरेला, बुर्किना फासोच्या सीमेजवळ, नवरोंगो नावाचं गाव आहे. कासेना आणि नानकाना या दोन जमातींवरून जिल्ह्याला कासेना-नानकाना नाव पडलं. पाऊस वर्षातून एकदाच, साधारण मे ते ऑक्टोबर. बाकीचे महिने कोरडे, धुळीचं वारं. मुख्य पीक बाजरी. आणि ही बाजरी आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच आली, असं शेतीचे अभ्यासक सांगतात. आपण भाकरी करतो, ते पिठाचं घट्ट शिजवून खातात. तेव्हा त्या लोकांना अगदीच परकं समजू नका. धान्य आपण एकाच घरचं खातो.

लोक मातीच्या वाड्यात राहतात. एका वाड्यात भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, म्हातारे. वाड्याचा एक कर्ता. मूल आजारी पडलं तर आईने उचलून दवाखान्यात न्यायचं नाही, कर्त्याला विचारायचं. कर्ता देवऋषीसारख्या माणसाकडून पूर्वजांचा कौल घेणार. मग कोंबडं द्यायचं का, पाला द्यायचा का, दवाखान्यात न्यायचं का, हे ठरणार. तोवर रात्र झालेली असते. मलेरियाचा ताप लहान पोराला एका रात्रीत घेऊन जातो.

तिथल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, सांगायला जड जाते. व्यंग घेऊन जन्मलेलं, किंवा जन्मताच घरावर संकट आणणारं बाळ हे माणसाचं नव्हे, रानातल्या भुताचं, असा समज होता. आणि अशा काही बाळांना काढा पाजून मारलं जाई. ऐकून तुमच्या तोंडावर जे आलं ते मला इथून दिसतंय. पण मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात, हे मी नोकरीतल्याच एका बाईकडून ऐकलं आहे. ती आई राक्षसीण नसते. तिच्यापर्यंत दुसरं काही पोचलेलं नसतं.

या नवरोंगोला 1980 च्या दशकाच्या शेवटी एक मोठा प्रयोग सुरू झाला. लहान मुलांना जीवनसत्त्व 'अ' चा डोस दर चार महिन्यांनी दिला तर मरणं कमी होतात का, हे पाहायचं होतं. वीस हजारांवर मुलं त्यात होती. निम्म्यांना खरा डोस, निम्म्यांना नुसता दिसायला तसाच. 1993 मध्ये निकाल छापून आला : मृत्यू 19 टक्क्यांनी कमी, आणि दवाखान्यात भरती होणं त्याहून कितीतरी कमी. आमच्या हातातला तो पिवळा डोस, चमच्याने पाजतो तो, पोरं तोंड वाकडं करतात तो, त्याच्यामागे अशा कष्टाचा पुरावा आहे.

त्या प्रयोगाच्या निमित्ताने तिथे संशोधन केंद्र उभं राहिलं. डॉ. फ्रेड बिंका हे त्याचे पहिले संचालक, घानाचेच. त्या केंद्राने मला सर्वांत जास्त आवडलेलं काम केलं ते म्हणजे मोजणी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून जिल्ह्यातल्या प्रत्येक वाड्यात दर तीन महिन्यांनी माणूस जायचा. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण लग्न होऊन आलं, कोण गाव सोडून गेलं, सगळं वहीत. सव्वा-दीड लाख लोकांची वही. किसा गौतमी एकदाच फिरली होती, हे लोक वर्षातून चार वेळा फिरत.

दुसरा प्रयोग मच्छरदाण्यांचा. 1993 ते 1995. जिल्ह्याचे 96 भाग पाडले, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्म्यांची निवड केली आणि त्यांना औषधात बुडवलेल्या मच्छरदाण्या दिल्या. सहा महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांचे मृत्यू 17 टक्क्यांनी घटले. एवढं अपेक्षित होतं. पण नंतर त्यांनी वह्या पुन्हा उघडल्या आणि ज्यांना मच्छरदाणी मिळालीच नव्हती त्यांची घरं नकाशावर पाहिली. मच्छरदाणीवाल्या वाड्याच्या जवळ राहणाऱ्यांची मुलं कमी मरत होती. दर शंभर मीटर दूर गेलं की मृत्यूचा धोका सुमारे पावणेसात टक्क्यांनी वाढत होता. का? तर औषधाच्या जाळीवर बसलेला डास मरतो, आणि मेलेला डास शेजाऱ्याच्या पोराला चावायला जात नाही. उपासकांनो, प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगायला भंतेजींना किती कष्ट पडतात ते मी पाहते. हे उदाहरण मी त्यांना वापरायला देते. माझ्या अंगणातली जाळी तुझ्या लेकराला वाचवते, आणि ते आपल्या दोघींनाही माहीत नसतं.

आता मूळ गोष्ट.

घानामध्ये तेव्हाही शिकलेल्या नर्सेस होत्या. पण त्या मोठ्या गावच्या आरोग्य केंद्रात खुर्चीवर बसून असत. लोक चालत येतील तर येतील. केंद्रात गर्दी नाही आणि वाड्यावाड्यात पोरं मरताहेत, असा प्रकार. 1994 मध्ये नवरोंगोच्या मंडळींनी तीन गावांत जाऊन लोकांनाच विचारलं की काय केलं तर चालेल. पुढे 1996 पासून जिल्ह्याचे चार भाग करून प्रयोग मांडला. एका भागात नर्सला गावातच राहायला पाठवलं. दुसऱ्या भागात नर्स नाही, पण गावातलेच स्वयंसेवक नेमले आणि गावाचं संघटन बांधलं. त्याला त्यांच्या भाषेत झुरुगेलू म्हणतात, म्हणजे एकोपा. तिसऱ्या भागात नर्सही आणि एकोपाही. चौथ्या भागात नेहमीचा सरकारी कारभार, जसा होता तसा.

नर्सला गावात पाठवणं म्हणजे आदेश काढणं नव्हे, हे त्यांना चांगलं कळलं होतं. आधी गावच्या प्रमुखाला भेटले. त्याने सभा बोलावली. या सभेला तिथे काय म्हणतात माहीत आहे? दरबार! हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून उचलला आणि तिकडे नेला. आपल्याकडचे दरबार संपले, तिथे अजून भरतात. ढोल वाजतात, प्रमुख बसतो, बायाबापड्या सगळ्या गोळा होतात. त्या दरबारात ठरलं की नर्ससाठी घर बांधायचं. माती, अंगमेहनत गावाची. बांधलं. त्या घराच्या एका खोलीत ती राहणार, दुसऱ्यात तपासणार. तिला मोटारसायकल दिली आणि चालवायला शिकवली. तीन-चार हजार लोकांची जबाबदारी, आणि आठवड्यातले बरेच दिवस वाड्यावाड्यावर फिरती. बरोबर लस, मलेरियाच्या गोळ्या, मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या, न्यूमोनियाचं औषध, पाळणा लांबवण्याची साधनं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती पुरुष मंडळींनी नीट ऐका. आईला दवाखान्यात जायला कर्त्याची परवानगी लागायची. नर्सच वाड्यात आली तेव्हा परवानगीचा प्रश्नच उरला नाही. कर्ता तिथेच बाजेवर बसलेला, त्याच्या देखत पोराला गोळी दिली जाते. त्याच्याशी कोणी भांडलं नाही, त्याचा मान ठेवला, आणि पोर वाचलं. भांडायची वेळ कुठे येते आणि कुठे नुसतं दारापर्यंत चालत जावं लागतं, हे ओळखणं फार अवघड आहे. मला ते नोकरीत उशिरा जमलं.

निकाल काय लागला? जिथे नर्स गावात राहिली तिथे तीन वर्षांत बालमृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. जिथे नुसते स्वयंसेवक होते तिथे ते कमी झालं नाही. हे वाचून मी वही मिटून बसले होते. कारण गेल्या कित्येक वर्षांत आपल्याकडे काय सांगितलं गेलं? गावातल्याच माणसाला चार दिवसांचं शिक्षण द्या, बाकी लोकसहभागाने होईल. चांगल्या मनाचा शेजारी पाहिजेच. पण पोर गरम लागलं म्हणून शेजाऱ्याकडे नेलं, त्याने त्याच्याजवळ होतं ते दिलं, आणि आईला वाटलं की उपचार झाला, तर मधले दोन दिवस वाया जातात. जिथे नर्स आणि गावचा एकोपा दोन्ही होते, तिथे बायकांची बाळंतपणंही सरासरी एकाने कमी झाली, म्हणजे दोन बाळांमधलं अंतर वाढलं. त्याचाही फायदा लेकरांनाच.

आता माझी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगितलं.

1993 साली मी एका उपकेंद्रात होते. गावाचं नाव सांगत नाही. उपकेंद्राच्या मागे माझ्यासाठी क्वार्टर होतं, छप्पर गळत होतं, हे खरं. माझी दोन मुलं तालुक्याच्या शाळेत होती, हेही खरं. मी तालुक्याला राहायचे. सकाळच्या एस.टी.ने गावात, साडेचारच्या एस.टी.ने परत. 'सदर आरोग्यसेविका मुख्यालयी राहतात' असा दाखला लागायचा, तो सरपंच द्यायचे. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. कागदावर मी गावातच होते.

श्रावणात एका रात्री आपल्याच वस्तीतल्या एका बाईचं अकरा महिन्यांचं पोर धापा टाकायला लागलं. आपल्याकडे त्याला डबा झाला म्हणतात. ती रात्री पावसात उपकेंद्रावर आली. कुलूप. पुन्हा पहाटे आली. कुलूप. मी साडेआठला एस.टी.तून उतरले तेव्हा ओट्यावर बसलेली होती आणि पोराला फडक्यात गुंडाळलेलं होतं. माझ्या पिशवीत न्यूमोनियाच्या गोळ्या होत्या. श्वास मोजायचं शिक्षणही मला मिळालेलं होतं : दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, त्यापुढे चाळीस. तेवढे किंवा त्याहून जास्त झाले की औषध सुरू करायचं. सगळं होतं. फक्त मी नव्हते.

त्या दिवशी मृत्यूच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी 'ताप' लिहिलं.

ती बाई मला काही बोलली नाही. नंतर दर महिन्याला दुसऱ्या मुलीला घेऊन लसीला येत राहिली. मी क्वार्टरमध्ये राहायला गेले, पण लगेच नाही. दोन वर्षं लागली मला. छपराचे पत्रे शेवटी गावातल्या पोरांनीच बदलून दिले, मी मागितल्यावर. त्याआधी मी मागितलेच नव्हते.

म्हणून नवरोंगोच्या त्या मातीच्या घराबद्दल वाचलं तेव्हा मला कळलं की कुठे फरक पडतो. नर्स चांगली की वाईट, हा प्रश्न नंतरचा. आधी तिची रात्रीची चूल कुठे पेटते ते पाहा. आणि तिच्या घराचं छप्पर हे गावाने आपलं मानलं का, तेही पाहा.

आपल्या महाराष्ट्रानेही यात भर घातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, आणि पुढे 39 गावांत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. मग कोणी विचारेल, बाई, आत्ताच तर म्हणालात की स्वयंसेवकाने काही होत नाही. गडचिरोलीच्या त्या बायकांना पुन्हा पुन्हा शिक्षण होतं, कामावर डोळस देखरेख होती, प्रत्येक बाळाची नोंद तपासली जात होती. नुसती पेटी हातात देऊन सोडलेलं नव्हतं. नवरोंगोच्या नर्सला मात्र पहिल्या महिन्यातल्या बाळांचं तेवढं साधलं नाही. त्या बयांना बाळंतपणाचं शिक्षण पुरेसं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी काहीतरी राहून जातंच.

घाना सरकारने 1999 मध्ये नवरोंगोचा मार्ग सगळ्या देशासाठी स्वीकारला. पुढे काय झालं ते ऐकून तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. गावाने मातीचं घर बांधायचं हे मागे पडलं, सिमेंटची इमारत मंजूर होईपर्यंत नर्सने थांबायचं, ठेकेदार यायचे तेव्हा येणार. कित्येक ठिकाणी इमारत झाली, पण वाड्यावाड्यावरची फिरती कमी झाली. ती पुन्हा खुर्चीवर बसली. नंतर त्याच भागात पुन्हा प्रयत्न करावे लागले, आजारी माणसाला न्यायला तीनचाकी मालवाहू गाड्यांची रुग्णवाहिका केली. तरीही एकंदर देशाचा आकडा पाहा : 1988 च्या पाहणीत हजारी 155 मुलं पाच वर्षांच्या आत जात होती, 2022 च्या पाहणीत 40. सगळं श्रेय एका नवरोंगोचं नाही. लसी आल्या, मच्छरदाण्या देशभर गेल्या, मुली शिकल्या. त्या भागात कोरड्या हंगामात मेंदूज्वराची साथ यायची, 1996-97 ला फार मोठी आली होती. तिच्यावरची स्वस्त लस आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. 2010 च्या डिसेंबरात शेजारच्या बुर्किना फासोत आणि 2012 मध्ये उत्तर घानात ती दिली. मलेरियाचीही एक लस त्याच कारखान्यात बनते, तिला 2023 मध्ये सर्वांत आधी परवानगी दिली ती घानाने. बाजरी तिकडून आली, लस इकडून गेली.

वेळ संपत आली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत. एक मागणी करून थांबते.

आपल्या वस्तीत सध्याच्या नर्सबाई महिन्यातून एकदा लसीला येतात आणि समाजमंदिराच्या ओट्यावर उन्हात बसतात. लसीचा डबा पिंपळाच्या सावलीमागे सरकवत राहतात. विहाराच्या डाव्या बाजूला एक खोली आहे. तिच्यात मंडपाचे बांबू, जयंतीच्या मिरवणुकीचे कर्णे आणि दोन मोडकी टेबलं आहेत. तथागतांनी आजारी भिक्षूला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली आणि भिक्षूंना सांगितलं की माझी सेवा करायची इच्छा असेल तर आजाऱ्याची करा. तेव्हा ही खोली लसीच्या दिवशी आणि अडीनडीला नर्सबाईंना मुक्कामासाठी मिळाली, तर मला नाही वाटत की विहाराचं पावित्र्य कुठे कमी होईल. तसा अर्ज मी समितीला दिलेला आहे. अध्यक्ष म्हणाले, बैठकीत घेऊ. बैठकीत जरूर घ्या. पण पुढच्या बुधवारी लस आहे, आणि खोलीची चावी नेमकी कोणाकडे आहे हे मला चार जणांनी चार प्रकारे सांगितलं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आज कार्यक्रम संपल्यावर खीर घ्यायच्या आधी मला भेटावं. बांबू हलवायला मी तीन पोरं बघून ठेवली आहेत.

नमो बुद्धाय, जय भीम.